भैरूच्या बाटलीतलं शिसं

भैरू केदारी चिडला नाही असा दिवस हिरड्याच्या वाडीत कुणाला आठवत नाही. माले सोडून धरणाकडे निघालं की उजव्या हाताला चढावर ही पन्नासेक घरांची वाडी लागते, आणि गेली सव्वीस वर्षं तिचं पाणी भैरूच्या हातात आहे. सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह तोच उघडतो, मोटर तोच चालू करतो, फुटलेला पाइप तोच बांधतो आणि पाणी कमी आलं तर शिव्याही तोच खातो. पंचायतीच्या कागदावर त्याचं पद 'जलसुरक्षक' असं लिहिलेलं आहे. "सुरक्षक कसला, राखणीचं कुत्रं हाय मी," असं तो म्हणतो. "भुकायचं काम तेवढं माझं."

तो उगाच चिडतो असं लोक म्हणतात, ते मात्र खोटं आहे. वरच्या आळीला पाणी सोडलं की खालची आळी नळाला मोटर लावून ओढून घेते. तालुक्याचा साहेब एकच माहिती तीनदा मागतो आणि तिन्ही वेळा 'मिळाली नाही' म्हणतो. शनिवारी शहराकडची गाडी टाकीच्या वाटेत आडवी उभी राहते आणि आतला माणूस विचारतो, "काका, इथे व्ह्यू कुठून चांगला दिसतो?" यावर माणसानं चिडायचं नाही तर काय ओवाळायचं? पण त्याच्या तोंडावर शिव्या देणारे लोकही एक गोष्ट मान्य करत. भैरू खोटं बोलत नाही. टाकी अर्धी असेल तर अर्धीच सांगणार, मग समोर सरपंच उभी असो की त्याची बायको रत्नाबाई.

अशा माणसाच्या गळ्यात संक्रांतीनंतर एक यंत्र पडलं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतली मेधा नावाची तरुण बाई ते घेऊन आली. मुळशी खोऱ्यातल्या गावांचं पाणी वर्षभर तपासायचं आणि त्यात शिशासारखे जड धातू अगदी कणभर असले तरी पकडायचे, असं तिचं काम होतं. यंत्र तळहाताएवढं. सोबत डॉक्टर साखर तपासायला वापरतात तसल्या पट्ट्यांचा डबा, आम्लाची कुपी आणि प्लॅस्टिकच्या बोटभर बाटल्या. भैरूनं सगळं उलटसुलट करून पाहिलं.

"म्याडम, ह्यापरीस दोन व्हॉल्व्ह आनले असते तर गावानं तुमची पूजा केली असती."

मेधा हसली आणि समजावून सांगू लागली. "भैरूकाका, पट्टी पाण्यात बुडवली की दोन मिनिटं यंत्र तिच्यावर धातू ओढून घेतं. मग हळूहळू उलटी वीज लावतं, की एकेक धातू पट्टी सोडून परत पाण्यात जातो. प्रत्येकाची सुटायची जागा ठरलेली. आधी जस्त, मग कॅडमियम, मग शिसं, शेवटी तांबं. सुटताना जी वीज वाहते ती मोजली, की कोण किती होता ते कळतं."

भैरूनं डोकं खाजवलं. "म्हंजी ताम्हिणीकडनं येनारी एस्टी. चढताना गर्दीत कोन मोजतंय? उतरताना मोजायचं. जस्त उतरलं मुळशीला, क्याडमियम मालेला, शिसं पौडला आन् तांबं पिरंगुटला."

मेधानं हे वहीत लिहून घेतलं. पुढे तिच्या ऑफिसात सगळ्यांना हीच एस्टी सांगितली जाते असं कळल्यावर भैरूनं "त्यास्नी काय दुसरा धंदा न्हाई का" म्हणून नाक मुरडलं, पण त्या दिवशी रत्नाबाईला त्यानं ती गोष्ट दोनदा ऐकवली.

काम मात्र तो नेमानं करायचा. हात साबणानं धुवायचे, बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळखळवायची, मग भरायची, आम्लाचे दोन थेंब, पट्टी कडेनं धरायची. शिशाची मर्यादा एका अब्ज भागांत दहा. त्याच्या वर गेलं की यंत्रावर लाल दिवा लागायचा आणि तो आकडा आपोआप पंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन पडायचा. ही शेवटची सोय कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली कोण जाणे. पुढचं सगळं रामायण तिनंच घडवलं.

पहिल्या महिन्यात टाकी दोन, हातपंप तीन, शाळेचा नळ एक. आणि आसरांची विहीर चौतीस.

आसरांची विहीर म्हणजे वाडीचा जीव. घरोघर नळ आले तरी प्यायला पाणी हिचंच लागतं. उन्हाळ्यातही ती आटत नाही, आणि हिच्या पाण्यात डाळ शिजते तशी नळाच्या पाण्यात शिजत नाही, असं म्हातारी गंगूबाई अजून सांगते. विहिरीच्या उताराच्या बाजूला सात दगड मांडलेत. त्या सातीआसरा, पाण्याच्या देवी. अशा विहिरीत शिसं?

भैरू आधी यंत्रावर चिडला. पट्टी बदलली, बाटली बदलली, दुसऱ्या दिवशी परत गेला. एक्केचाळीस. मग तो पट्टीवर चिडला, डब्यावर चिडला, आणि स्वतः भरलेली एक बाटली मेधामार्फत शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून दिली. तिथून उत्तर आलं, छत्तीस. आता चिडायला यंत्रही उरलं नाही.

"काका, घाई करू नका," मेधा फोनवर म्हणाली. "बाकी सगळीकडे स्वच्छ आणि एकाच ठिकाणी एवढं, हे मला पटत नाही. मी येऊन स्वतः पाणी घेते. तोवर कुणाला दोष देऊ नका." पण तिला यायला महिना-दीड महिना लागणार होता, आणि आकडा तर ग्रुपवर पडलेला. गावाला निष्कर्ष काढायला महिना लागत नाही, चहा गार व्हायच्या आत निघतो.

विहिरीच्या वर दोनशे पावलांवर किशोरची पत्र्याची शेड होती. किशोर हा भैरूच्या चुलतभावाचा मुलगा. रिसॉर्टच्या आणि शहरवाल्यांच्या बंगल्यांतल्या इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या आणून तो दुरुस्त करायचा. बॅटरीत काय असतं? शिसं. मग विहिरीत शिसं कुठून आलं? सांगायला शास्त्रज्ञ कशाला पाहिजे?

ग्रामसभा भरली. सरपंच कल्पना केदारींनी विचारलं, "भैरूतात्या, आकडा खरा हाय का?"

"तीनदा काढला. तिन्ही बारीला चाळिसाच्या आसपास," भैरू म्हणाला. तेवढंच म्हणून तो बसला असता तरी चाललं असतं. पण गेले पंधरा दिवस तो इतका वैतागला होता, सगळ्या गावानं 'तात्या, पानी पिऊ का नको' असं विचारून त्याचं डोकं इतकं खाल्लं होतं, की तो बसला नाही. तो मागं उभ्या असलेल्या किशोरकडे वळला. "गावाला इख पाजतुयास! त्येच पानी तुझी आय पितीया, लाज वाटू दे!"

किशोरनं सांगायचा प्रयत्न केला. त्यानं आम्लाच्या पाण्यासाठी सिमेंटची टाकी बांधली होती, थेंब बाहेर जात नव्हता. पण भैरू बोलला म्हटल्यावर ऐकतो कोण? इतर कुणी बोललं असतं तर लोकांनी भावकीची जुनी भांडणं काढली असती. भैरू खोटं बोलत नाही, एवढ्या एका गोष्टीवर चाळीस माणसं उठून शेडवर गेली. बॅटऱ्या बाहेर काढल्या, दाराला कुलूप लावलं. शेडचा नळ भैरूनं स्वतःच्या हातानं तोडला. विहिरीवर जाळी पडली, पाटी लागली, आणि वाडी टँकरचं पाणी प्यायला लागली.

किशोरनं महिनाभर पंचायतीच्या पायऱ्या झिजवल्या. कुणी बॅटरी देईना, कुणी दारात उभं करीना. शेवटी त्यानं हिंजवडीच्या बाजूला एका गोदामात काम धरलं आणि चैत्रातल्या एका रविवारी शेड उतरवून न्यायची असं ठरवलं.

त्याच आठवड्यात मेधा आली. रबरी हातमोजे घालून तिनं जाळी बाजूला केली, पाणी काढलं, पट्टी लावली. दोन.

"काय?" भैरू म्हणाला.

तिनं परत काढलं. दोन. मग किशोरच्या शेडखालून येणाऱ्या ओहोळाच्या खड्ड्यात साठलेलं पाणी होतं, ते तपासलं. तीन. भैरूच्या कपाळावरची शीर तटतटली. "म्हंजी तुमच्या हाताला दोन आन् माझ्या हाताला चाळीस? यंत्र माणूस वळखतंय व्हय?" त्यानं तिच्यासमोर त्याच विहिरीचं, त्याच मिनिटाला पाणी काढलं. अडतीस.

मेधानं आता बॅगेतून एक सीलबंद बाटली काढली. "हे आमच्या लॅबचं शुद्ध पाणी आहे. यात काहीही नाही. विहिरीचं पाणी समजून तुम्ही जे करता ते सगळं करा." भैरूनं केलं. एकतीस. लॅबच्या पाण्यात शिसं निघालं म्हटल्यावर भैरूनं टोपी काढून जमिनीवर आपटली.

"काका, चिडू नका. आता घरून निघता तिथून सुरुवात करा. काहीच गाळू नका."

भैरू घरी गेला. साबणानं हात धुतले, दोन्ही बाजूंनी पुसले, तिला दाखवले. चढ चढून विहिरीपाशी आला. खिशातून छोटी पितळी डबी काढली, तेलात कालवलेल्या शेंदुरात अंगठा बुडवला, वाकून सात दगडांना सात बोटं लावली, उरलेलं स्वतःच्या कपाळाला लावलं, अंगठा धोतराला पुसला आणि बाटली उघडली.

"थांबा. हे काय केलंत?"

"कुटं काय? आजून सुरवातच केली न्हाई."

"ते दगडांना लावलंत ते."

"त्ये व्हय? त्ये कामात येत न्हाई. पानी काढायच्या आदी आसरांची परवानगी घ्याया लागती. माझ्या बापानं घेतली, त्याच्या बापानं घेतली. हिच्या पान्याला हात लावायचा तर इचारून लावायचा."

"रोज?"

"रोज. आज तुमी यायच्या आदीच घेतली हुती. आता पुढचं बगा." आणि त्यानं बाटलीत थोडं पाणी घेतलं, तोंडावर अंगठा दाबून धरला आणि ती खळखळवली. एकदा, दोनदा, तीनदा. जसं शिकवलं होतं तसंच.

 मेधानं डबी मागितली, आगपेटीच्या काडीचं टोक शेंदराला लावलं, ते एका बाटलीत बुडवलं, आम्ल टाकलं आणि पट्टी लावली. यंत्रावर आकडाच आला नाही. 'मोजण्यापलीकडे' एवढंच आलं.

"शेंदूर शिशाचाच करतात, काका," ती हळूच म्हणाली. "तेलामुळे नखाच्या कडेला राहतो. डोळ्याला दिसत नाही एवढासुद्धा पुरतो. आम्लात विरघळतो आणि आकडा चढतो." मग तिचाच आवाज उतरला. "तुमच्या कपाळावर तो मला पहिल्या दिवसापासून दिसत होता. मी विचारायला हवं होतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात. पण इथे वळसा घालताना एका पोराला तुडवून झालं होतं. भैरू आपल्या अंगठ्याकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हंजी किशोर..." आपल्याच रक्ताच्या माणसाला त्यानं विनाकारण उठवलं होतं. किशोर शेड उतरवणार तो रविवार तीन दिवसांवर होता.

त्यानं सरपंचबाईंना सांगितलं, "सभा बोलवा. आजच्या आज." ती भरली रविवारी सकाळी, कारण शनिवारी कुणाच्या तरी घरी साखरपुडा होता. तीन दिवस भैरू टाकीखाली येरझाऱ्या घालत होता. किशोरकडे आधी जावं असं त्याला वाटत होतं, पण सगळ्यांसमोर बोललो तर सगळ्यांसमोरच निस्तरलं पाहिजे, असा त्याचा हट्ट.

सभेत त्यानं सांगितलं, "विहिरीत शिसं न्हाई. किशोरनं काय केलं न्हाई. माझ्या अंगठ्याचा शेंदूर बाटलीत जात हुता. चूक माझी."

 मागून लगेच एकजण म्हणाला, "भावकीचा हाय म्हून झाकतोय." दुसरा म्हणाला, "किशोरनं तोंड बंद केलं असंल." तिसरा उठून म्हणाला, "आसरांच्या शेंदराला नावं ठेवतुयास, तात्या?" जो माणूस खोटं बोलत नाही म्हणून त्याच्या खोट्या आकड्यावर चाळीस माणसं उठली होती, तो आता खरं बोलत होता तर एकालाही ते पटेना. भैरूनं डोक्यावर हात मारून घेतला.

"चला," तो ओरडला, "विहिरीवर चला समदे!"

सभेसाठी मुद्दाम आलेली मेधा विहिरीवर होतीच. भैरूनं हातमोजे घातले, देवींकडे न बघता पाणी काढलं आणि पट्टी लावली. सगळे यंत्रावर वाकले. दोन. मग त्यानं हातमोजे काढले, डबीत अंगठा बुडवून धोतराला पुसला, तीच बाटली अंगठ्यानं बंद करून हलवली. चव्वेचाळीस. लाल दिवा लागला आणि वीसेक फोन एकदम टुंग वाजले, कारण आकडा ग्रुपवर गेला होता.

"दोन आला त्यो आकडा खरा कसा मानायचा?" खालच्या आळीतला एकजण म्हणाला. "देवीला न इचारता घेतलेलं पानी त्ये."

 तेवढ्यात गंगूबाई काठी आपटत पुढं आली. "गप रं मुडद्या. दीड महिना टँकरचं पानी पिऊन माजी जीभ मेली. पाटी काडा आदी." सरपंचबाईंनी जाळी काढायला सांगितली. बायकांनी घरून हंडे आणले, पोरं पाण्यात वाकून ओरडायला लागली, आणि गाव खूश झालं.

"आता किशोरकडं चला," भैरू म्हणाला. "त्या दिशी गेलो तसं समदे चला. म्हनायचं, चुकलं."

एकाला भाताच्या खाचराचा बांध घालायचा होता. एकाचे पाहुणे आले होते. सरपंचबाईंना पौडला जायचं होतं, त्या म्हणाल्या, "तुमी सांगा तात्या, पंचायतीच्या वतीनं." भैरूनं मागं वळून पाहिलं तेव्हा काठी टेकत गंगूबाई तेवढी येत होती, आणि दोनशे पावलांच्या चढावर तिलाही अर्ध्या वाटेत दगडावर बसावं लागलं.

शेड जवळजवळ उतरली होती. टेम्पो उभा होता, आत वासे आणि पत्रे रचलेले. किशोर शेवटचे पत्रे सोडवत होता. खालचा गलका त्याच्या कानावर आला असणारच, पण त्यानं मान वर केली नाही.

"किशोर," भैरू म्हणाला, "विहिरीत काय न्हाई. माझ्या बोटाचा शेंदूर हुता. तुझा काय दोष न्हाई रं. मी गावाला सांगितलं. समद्यांसमूर सांगितलं."

किशोरनं पाना खाली ठेवला. "कळलं. ग्रुपवर लिवलंय कुनीतरी."

"मग ह्ये उतरवू नगंस. नळ मी आत्ता जोडून देतो. कुलूप काढायला सांगतो. मी चिडक्या डोस्क्याचा मानूस, बोलून गेलो..."

"तात्या," किशोर म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्या धोंड्यांना इचारल्याबिगर तुमी वाटीभर पानी घेत न्हाई. छप्पन वर्सांचं तुमचं आयुष्य, एक दिस चुकला न्हाई. माझं दुकान घेतलंत तवा मला एकदा इचारायचं हुतं. किशोर, काय झालं असंल रं, एवढंच."

भैरूनं मान खाली घातली. सव्वीस वर्षांत वाडीनं त्याला असा कधी पाहिला नव्हता, आणि आताही पाहायला कुणी नव्हतं.

किशोरनं शेवटचा पत्रा सोडवला. लांब होता, एकट्याला पेलेना, एक टोक जमिनीवर घासू लागलं.

"तिकडनं धरा जरा," तो म्हणाला.

भैरू पुढं झाला. त्यानं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून तो पत्रा टेम्पोत ठेवला.